टक्केवारीमागचं कोष्टक

जुलै लागला की आमच्या आंबेगाव-जुन्नरमध्ये बोलण्याची सुरुवात धरणापासून होते. मंचरच्या बाजारात, नारायणगावच्या टोमॅटो मार्केटात, घोडेगावच्या एसटी स्टँडवर एकच चौकशी चालते: डिंभे किती झालं? माणिकडोह? येडगाव? उत्तर टक्क्यांत येतं आणि त्या टक्क्यांवर माणसं निर्णय घेतात. कांद्याचं रोप किती टाकायचं, ऊस ठेवायचा की मोडायचा, विहिरीवर खर्च करायचा की यंदा कालव्यावर विसंबायचं. कालवा सल्लागार समितीत आवर्तनावरून वाद होतात तेही याच आकड्यावर. डिंभ्याचा उपयुक्त साठा सुमारे साडेबारा टीएमसी. म्हणजे एका टक्क्याचा फरक पडला तर सुमारे ३५४ कोटी लिटर पाण्याचा फरक पडतो. माणशी रोज ५५ लिटर हे जलजीवन मिशनचं माप धरलं, तर ते पावणेदोन लाख माणसांचं वर्षभराचं पाणी झालं.

एवढ्या मोलाचा आकडा येतो कुठून, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. मी तालुक्यातल्या एका महाविद्यालयात बीएस्सीच्या मुलांना गणित शिकवते. त्यात संख्यात्मक पद्धतींचा विषय असतो: अंतर्वेशन, म्हणजे मुलं ज्याला इंटरपोलेशन म्हणतात ते, मग अवकलन, मग समाकलन. पुस्तकातली उदाहरणं कोरडी असतात. क्ष बरोबर १, २, ३. य बरोबर काहीतरी. मधली किंमत काढा. मुलं सूत्र पाठ करतात, परीक्षेत मार्क मिळवतात आणि विसरतात. पण हे तिन्ही विषय आमच्या दारातच रोज वापरले जातात. डिंभ्याची टक्केवारी आणि धरणात येणाऱ्या पाण्याचा वेग हे आकडे या तीन कृतींतूनच बाहेर पडतात.

धरणातलं पाणी कुणी मोजत नाही, मोजता येतच नाही. मोजली जाते ती फक्त पाण्याची पातळी, समुद्रसपाटीपासून इतके मीटर आणि इतके सेंटिमीटर. ती पातळी घेऊन कोष्टक उघडायचं. त्या कोष्टकात एका बाजूला पातळी असते आणि समोर त्या पातळीला किती साठा, हे लिहिलेलं असतं. पाणी अडवण्याआधी सगळ्या खोऱ्याची मोजणी होते, सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषा नकाशावर काढल्या जातात, प्रत्येक रेषेने किती क्षेत्र वेढलंय ते काढलं जातं. लगतच्या दोन रेषांच्या मध्ये पाण्याचा एक थर धरायचा, त्याचं आकारमान काढायचं आणि तळापासून वरपर्यंत थरांची बेरीज करत जायची. हेच समाकलन.

माझ्या आजोळची भातखाचरं डिंभ्याच्या त्या रेषांच्या आत गेली. ज्याच्या नावाने तालुका ओळखला जातो ते जुनं आंबेगावही तिथेच पाण्याखाली आहे. कोष्टकातल्या एका ओळीवरून पुढच्या ओळीवर जाताना कुणाची तरी जमीन गेली, हे मी वर्गात सांगते. मुलांनी ते कोष्टक आदराने वाचावं असं मला वाटतं.

आता त्या थराचं आकारमान कसं काढायचं? समजा, एका उंचीवर पाण्याचा पसारा २ चौरस किलोमीटर आहे, पाच मीटर वर गेलं की ३, आणि आणखी पाच मीटर वर ५. सोपी पद्धत म्हणजे वरच्या आणि खालच्या क्षेत्राची सरासरी घ्या आणि उंचीने गुणा. या समलंब नियमाने दहा मीटरच्या थरात ३२.५ दशलक्ष घनमीटर पाणी येतं. सिम्प्सनच्या नियमाने, म्हणजे मधल्या क्षेत्राला चौपट वजन देऊन काढलं, तर ३१.६७. फरक ०.८३ दशलक्ष घनमीटरचा. ऐकायला किरकोळ वाटतो. पण तेवढं पाणी दहा हजार लिटरच्या टँकरने वाहायचं तर त्र्याऐंशी हजारांहून जास्त खेपा होतील. मोजणी तीच, नकाशा तोच, आणि केवळ सूत्र बदलल्याने कागदावर एवढं पाणी कमी-जास्त होतं. खोरं वर जाताना वाढत्या वेगाने रुंदावत असेल तर समलंब नियम नेहमी जास्तीचं पाणी दाखवतो. समोच्च रेषा जितक्या जवळजवळ घ्याव्यात तितका हा फरक कमी होतो. म्हणून मुलं विचारतात की कुठलं सूत्र चांगलं, तेव्हा मी आधी विचारते, मोजणी किती जवळजवळ केली आहे?

या सूत्राचा इतिहास मला फार आवडतो. १६१३ मध्ये योहान्नेस केप्लरचं दुसरं लग्न झालं. घरात द्राक्षमद्याची पिंपं आली. व्यापाऱ्याने पिंपाच्या भोकातून एक काठी तिरकी आत घातली, समोरच्या तळाच्या कडेपर्यंत टेकवली, काठी किती ओली झाली ते पाहिलं आणि पैसे सांगितले. ग्रहांच्या कक्षा शोधणाऱ्या या माणसाला ते पटेना. पिंप बुटकं आहे की उभट, याचा विचार न करता एका काठीवरून आत किती आहे हे कसं सांगता येईल? त्याने या प्रश्नावर १६१५ मध्ये अख्खं पुस्तक प्रसिद्ध केलं. थॉमस सिम्प्सन त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी जन्मला. जर्मन भाषेत सिम्प्सनच्या नियमाला आजही केप्लरचा पिंपाचा नियम म्हणतात. केप्लर गिऱ्हाईक होता आणि त्याने माप कसं घेतलं ते विचारलं. आम्ही सगळे डिंभ्याचे गिऱ्हाईकच आहोत.

पुढची पायरी अंतर्वेशनाची. कोष्टकात ठरावीक अंतरावरच्या पातळ्या असतात, पाणी मात्र त्या दोन ओळींच्या मध्येच कुठेतरी थांबतं. मग वरच्या आणि खालच्या ओळीवरून मधला साठा काढायचा. ओळी जवळ असतील तर सरळ रेषा पुरते. हुशार मुलांना ती फार साधी वाटते. त्यांना वाटतं, वीस बिंदूंतून जाणारं एकच मोठं बहुपद शोधलं तर उत्तर जास्त अचूक येईल. कार्ल रूंगे या जर्मन गणितज्ञाने १९०१ मध्ये दाखवून दिलं की असं करणं फसवं असतं. बिंदूंवर बहुपद तंतोतंत बसतं आणि टोकांकडच्या मधल्या जागेत भलतेच हेलकावे घेऊ शकतं. धरणाच्या कोष्टकावर असं बहुपद बसवलं तर कागदावर पाणी चढत असताना साठा कमी होताना दिसू शकतो. म्हणून छोटे छोटे तुकडे घ्यावेत आणि त्या त्या तुकड्यापुरतंच बोलावं.

मधली जागा भरण्याचा हा मोह पावसाच्या बाबतीत जास्त धोक्याचा आहे. आमच्या तालुक्याच्या पश्चिमेला आहुपे, भीमाशंकरच्या डोंगरात हजारो मिलिमीटर पाऊस पडतो आणि पूर्वेला लोणी-धामणीत जूनमध्येही लोक आभाळाकडे बघत बसतात. अंतर काही तालुक्याबाहेरचं नाही. पण हा उतार सरळ रेषेत नाही. घाटमाथा ओलांडला की पाऊस कड्यासारखा तुटतो. दोन पर्जन्यमापकांच्या मध्ये सरळ रेषा ओढून मधल्या वाडीचा पाऊस सांगितला तर तो कागदावरचा पाऊस असतो. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आमच्याच तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं. दीडशेच्या वर माणसं गेली. त्या उतारावर आदल्या रात्री नेमका किती पाऊस कोसळला, हे त्या उतारावर मोजल्याशिवाय कुठलंही सूत्र सांगू शकत नाही. डोंगरात पर्जन्यमापक वाढवायला हवेत, वाडी-वाडीवर हवेत. या बाबतीत सूत्रांनी काम भागवू नये, असं माझं ठाम मत आहे.

परत धरणाकडे येते. तिसरी कृती अवकलनाची. धरणात येवा किती क्युसेकने चालू आहे, अशी बातमी आपण वाचतो. हा येवाही बहुतेक वेळा थेट मोजलेला नसतो. काल साठा किती होता, आज किती आहे, मधल्या वेळात किती पाणी सोडलं, किती वाफ झाली, यावरून तो काढतात. साठा किती वेगाने बदलतोय, हाच प्रश्न आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहाची तात्कालिक गती मांडली, तिच्यामागेही हाच विचार होता. चाळीसगावजवळच्या पाटणला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ स्थापल्याचं त्यात लिहिलंय. सह्याद्रीच्या कुशीत गणित शिकवणाऱ्या माझ्यासारखीला त्याचं फार अप्रूप आहे.

अवकलनाची अडचण अशी की ते लहान चुकीला मोठं करतं. हिशेबाला सोपं म्हणून पाण्याचा पसारा दहा चौरस किलोमीटर धरा. पातळी वाचताना एका सेंटिमीटरची चूक झाली, वाऱ्याने लाट उठली तरी तेवढं होतं. दहा चौरस किलोमीटरवर एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख घनमीटर पाणी. ते चोवीस तासांत वाटलं तर येव्यात सुमारे ४१ क्युसेकची चूक येते, चालून जाईल. तेच तासातासाने येवा काढला तर चूक ९८१ क्युसेकची होते. म्हणजे डिंभ्यात येणाऱ्या घोड नदीला मुळीच पूर नसताना कागदावर हजार क्युसेक येतील, आणि पुढच्या तासाला तेवढेच गायब होतील. संख्यात्मक पद्धती शिकलेल्या कुठल्याही मुलाला हे कळतं: बेरजेत चुका एकमेकींना सांभाळून घेतात, वजाबाकीला छोट्या काळाने भागलं की त्या फुगतात. व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री दर तासाला आकडे फिरतात आणि नदीकाठच्या वस्त्यांची झोप उडते, तेव्हा हे सांगणारं कुणीतरी गावात असायला हवं.

मागे वर्गात पश्चिम भागातल्या एका मुलाने विचारलं, “मॅडम, बातमीत चाळीस टक्के म्हणतात, मग आमची मोटार उघडी कशी पडते? दादाला पाइप वाढवून वाढवून कंटाळा आला.” त्या प्रश्नावर आमचा सबंध तास गेला. जलाशय उलट्या शंकूसारखा आहे असं समजा. निम्म्या खोलीपर्यंत पाणी असेल तर साठा निम्मा नसतो, फक्त आठवा हिस्सा असतो. उलट बाजूने, साठा चाळीस टक्के असेल तर खोली चौऱ्याहत्तर टक्क्यांच्या आसपास येते. साठ मीटर खोल शंकूत पाणी सोळा मीटर खाली उतरलेलं असतं. भिंतीजवळ सोळा मीटर म्हणजे काहीच नाही. पण जलाशयाच्या शेपटाकडे, जिथे आमच्या आदिवासी वाड्यांच्या मोटारी आहेत, तिथे जमीन उथळ आहे. तिथे सोळा मीटर उतरायच्या कितीतरी आधीच पाणी दूर पळालेलं असतं. म्हणून या भागातले लोक बुडीत बंधारे मागतात, शेपटाकडचं पाणी निदान तिथल्या तिथे अडून राहावं म्हणून. धरणासाठी ज्यांनी जमिनी दिल्या त्यांनाच उन्हाळ्यात हंडे घेऊन फिरावं लागतं, हे मला सहन होत नाही. आणि टक्केवारी हे दाखवतच नाही. ती भिंतीपासून कालव्याकडे बघते, वाडीकडे बघत नाही. वाडीला हवी असते ती पातळी.

कोष्टकाला वयही असतं. डिंभे भरू लागून पाव शतकाहून अधिक काळ लोटला. सह्याद्रीवरून येणारा प्रत्येक पावसाळा माती घेऊन येतो. हा गाळ फक्त तळाच्या मृत साठ्यात जाऊन बसतो असा एक समज आहे. खरं तर नदीचा वेग जिथे मंदावतो तिथे, म्हणजे शेपटाकडेच, बराच गाळ बसतो आणि उपयुक्त साठ्याची जागा खातो. जमिनीचा आकार बदलला की समोच्च रेषा बदलतात, क्षेत्रं बदलतात, बेरीज बदलते. जुन्या कोष्टकाने काढलेली टक्केवारी मग आता नसलेल्या खोऱ्याची टक्केवारी होते. उन्हाळ्यात उजनीचे उणे टक्के छापून येतात आणि लोक चक्रावतात. तिथे निदान उणे का, हे सांगता येतं: मृत साठ्याच्या वरच्या कडेला शून्य धरलेलं आहे. शून्य कुठे आणि शंभर कुठे, हे कोष्टकाने ठरतं. कोष्टक जुनं असेल तर दोन्ही खुणा सरकलेल्या असतात.

नवी मोजणी करणं आज अवघड राहिलेलं नाही. होडीतून ध्वनिलहरी सोडून तळ मोजता येतो. उपग्रहाच्या चित्रांवरूनही करता येतं: पाणी उतरत जाताना वेगवेगळ्या तारखांची चित्रं घ्यायची, प्रत्येक चित्रातल्या पाण्याचं क्षेत्र काढायचं, त्या दिवशीची पातळी समोर लिहायची आणि तीच थरांची बेरीज पुन्हा करायची. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे मेरी, या पद्धतीने राज्यातल्या जलाशयांच्या गाळाचे अभ्यास करते. ज्ञान आहे, माणसं आहेत. माझं म्हणणं एवढंच की डिंभे ज्याचा भाग आहे त्या कुकडी प्रकल्पाच्या प्रत्येक धरणासाठी ही फेरमोजणी ठरावीक वर्षांनी झालीच पाहिजे आणि तिचं फळ लोकांपर्यंत आलं पाहिजे.

कारण वाद तर लोकांमध्येच आहेत. डिंभ्याचं पाणी डाव्या कालव्याने येडगावला जातं आणि तिथून पुढे पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत. त्या शेतकऱ्यालाही पाणी लागतंच, त्याला मी परका मानत नाही. डिंभे-माणिकडोह बोगद्यावरून आमच्या तालुक्यात किती वर्षं खल चाललाय. त्यात कळीचा मुद्दा एकच आहे, बोगद्याचं तोंड कोणत्या पातळीला ठेवायचं. तोंड एक मीटर खाली आलं तर डिंभ्यातून किती पाणी आणखी जाऊ शकतं? याचं उत्तर भाषणात नाही, कोष्टकात आहे. त्या दोन ओळींची वजाबाकी दहावीतल्या मुलीलाही येते. पण कोष्टक समोर नसल्याने सभेत आवाज चढतात आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा आकडा खरा ठरतो.

अंदाज कसा सांगावा याचा नमुना आमच्या शेजारीच आहे. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा मध्यभागी, उरलेल्या सोळा तीन दिशांना, सगळ्या मिळून पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. तीस तबकड्यांच्या जोड्या होतात ४३५ आणि प्रत्येक जोडी आकाशाचा एक एक अंश टिपते. पृथ्वी फिरते तशा काही जागा भरत जातात. तरी रिकाम्या जागा उरतातच आणि त्या गणिताने भराव्या लागतात. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदला लोकांसाठी दारं उघडतात. मुलांना घेऊन मी तिथे जाते आणि एक गोष्ट आवर्जून दाखवते. दुर्बिणीतून मिळालेल्या आकाशाच्या चित्रांत कोपऱ्यात एक लहानसा लंबगोल काढलेला असतो. या दुर्बिणीला याहून बारीक दिसत नाही, एवढंच तो सांगतो. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेबद्दल बोलतानाही शास्त्रज्ञ आपल्या नजरेची मर्यादा चित्रातच छापतात. चाळीस किलोमीटरवरच्या धरणाबद्दल बोलताना आपण का छापू नये?

जलसंपदा विभागाला माझी विनंती साधी आहे. डिंभे, माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे या पाचही धरणांचं पातळी, क्षेत्र आणि साठ्याचं कोष्टक, ते कोणत्या वर्षीच्या मोजणीवरून केलं त्या वर्षासह, तालुक्याच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावं आणि संकेतस्थळावर ठेवावं. रोजच्या पत्रकात टक्क्यांच्या शेजारी पातळी असावीच. वृत्तपत्रांनी ती गाळू नये. माझ्या सहकारी शिक्षकांना सांगायचं तर, समलंब आणि सिम्प्सन शिकवताना पुस्तकातलं क्ष-य बाजूला ठेवा आणि आपल्या धरणाचे आकडे फळ्यावर लिहा. आमच्या भागातल्या मुलांना हे गणित इतरांपेक्षा लवकर येतं, हे मी पाहते आहे.

आणि वाचकहो, तुमच्या गावात पुढची ग्रामसभा होईल तेव्हा रस्ता, दिवे, समाजमंदिर यांच्या ठरावांबरोबर एक ठराव आणखी मांडा: आमच्या धरणाचं चालू कोष्टक आम्हाला द्या. त्याला निधी लागत नाही, फक्त एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो.